पाठकुळीची डबी

मनुष्याला आपल्याजवळ असलेल्या वस्तूचा उपभोग घेण्यापेक्षा तिच्यात आणखी काय दडले आहे हे हुडकण्यात अधिक गोडी वाटते. घड्याळ हाती आले की ते उघडून पाहावे, जुनी पेटी मिळाली की तिच्या तळाशी चोरकप्पा आहे काय ते चाचपावे, आणि मोटार मिळाली की कारखानदाराने सांगितले त्याहून ती अधिक पळते काय याची परीक्षा घ्यावी, हा आपला जातिस्वभावच होय. आमच्या भाच्याने चंद्रपुरास नोकरी लागल्यावर एक जुनी स्विफ्ट डिझेल विकत घेतली. तिला प्रथम रुंद टायर आले, मग जाड आवाजाचा सायलेन्सर आला. तरुणपणी कोणी मिशा वाढवतो, कोणी सायलेन्सर बदलतो, असे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. परंतु पुढे त्याने बॉनेट उघडून तपकिरीच्या डबीएवढी एक काळी डबी आम्हांस दाखविली आणि “मामा, हिच्यामुळे गाडीला वीस घोडे जास्त मिळाले,” असे सांगितले, तेव्हा मात्र आमचे कुतूहल जागे झाले. वीस घोडे तपकिरीच्या डबीत राहतात कसे?

इंग्रजीत या डबीला जे नाव आहे त्याचा अर्थ पाठकुळी बसणारी असा होतो, आणि तो अगदी समर्पक आहे. हल्लीच्या मोटारीत इंजिनाचा सारा कारभार एका छोट्या संगणकाकडे असतो. त्यास आपण दिवाणजी म्हणू. हा दिवाणजी स्वतः काहीच पाहत नाही. हवा किती आली, पाणी किती तापले, डिझेलच्या नळीत दाब किती आहे, याच्या वर्द्या ठिकठिकाणचे हुजरे विजेच्या तारेने त्याच्याकडे धाडतात, आणि तो आपल्या पोथीत पाहून हुकूम सोडतो. त्याच्याकडून अधिक काम करून घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याची पोथीच नव्याने लिहून काढणे. दुसरा, पोथीला हात न लावता वाटेत बसून वर्दी बदलणे. पाठकुळीची डबी हा दुसरा मार्ग होय.

भाच्याच्या गाडीत ती नेमके काय करते ते सांगितले पाहिजे. अशा इंजिनात डिझेल एका जाड नळीत वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहूनही अधिक दाबाने कोंडलेले असते आणि तेथून ते क्षणार्धात सिलिंडरमध्ये फवारले जाते. नळीवरचा हुजऱ्या दाबाची वर्दी पाच व्होल्टांच्या आतल्या विजेच्या भाषेत देतो; दाब जास्त, तर व्होल्ट जास्त. डबी त्या वर्दीतले थोडे व्होल्ट खाते. दिवाणजीला वाटते की दाब कमी पडला. तो पंपास दाब वाढविण्याचा हुकूम देतो. आणि फवारा पूर्वीइतकाच वेळ उघडा राहिला तरी त्यातून डिझेल अधिक जाते. पेट्रोलच्या गाड्यांत हीच लबाडी ठिणगीच्या वेळेविषयी केली जाते. बंगळूरची रेस डायनॅमिक्स कंपनी पेट्रोलसाठी पॉवरट्रॉनिक आणि डिझेलसाठी डिझेलट्रॉनिक या नावांनी अशा डब्या करते, म्हणजे ही काही केवळ सातासमुद्रापलीकडची विद्या राहिलेली नाही. असो. सांगावयाचे इतकेच की, वीस घोडे डबीत नव्हते. ते इंजिनातच होते, आणि डबीने थाप मारून त्यांना तबेल्याबाहेर काढले.

आता प्रश्न असा की, कारखानदाराने ते तबेल्यात बांधून का ठेवले होते? भाच्याचे उत्तर तयार होते. हे १२४८ घनसेंटिमीटरचे इंजिन मूळचे फियाटचे. आपल्याकडे ते मारुती, टाटा आणि खुद्द फियाट अशा तिघांच्या गाड्यांतून इतके फिरले की लोक त्यास थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणत. तेच इंजिन स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीचे आणि मारुतीच्याच एसएक्स४ मध्ये ९० चे होते. “मग माझ्याच गाडीवर हा अन्याय का?” असे तो विचारी. युक्तिवाद बिनतोड दिसतो खरा. परंतु ज्या गाडीत ९० ची शक्ती दिली तिच्यात कारखानदाराने नुसती वर्दी बदलली नव्हती, टर्बोही निराळ्या जातीचा बसविला होता. घरात पाहुणे वाढले तर पातेलेही मोठे लागते. नुसता चुलीचा जाळ वाढवून भागत नाही.

शिवाय कारखानदार गाडी करतो ती एका भाच्यासाठी करीत नाही. भेसळीचे डिझेल भरणारा, तेल बदलण्यास विसरणारा, सहा माणसे कोंबून घाट चढणारा, अशा सर्वांचा विचार करून तो शक्तीचा काही हिस्सा राखून ठेवतो. चंद्रपुरास तर या राखीव हिश्शाचे महत्त्व विशेष. येथे मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जातो. तापलेली हवा विरळ होते, तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो, आणि अशा वेळी डिझेल मात्र जास्त ओतले तर ते पुरते न जळता काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते व टर्बोस भाजून काढते. येथल्या एका वृद्ध मिस्त्रीने हेच आम्हांस सुटसुटीत सांगितले: “मशीनमधी दम हाय जी, पण क्लचले कोण इचारते?”

राखीव हा शब्द या मुलुखात कोणास समजावून सांगावा लागू नये. आलापल्लीजवळ सागाची एक प्राचीन राई आहे. २०१४ साली तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. तेथल्या एकेका झाडाचे घनफूट मोजून रुपये सांगणारे लोक आम्हांस भेटले आहेत. त्यांचा हिशेब चुकीचा नसतो. तेवढे लाकूड तेथे खरोखरच आहे.

तथापि भाच्याची बाजूही आम्ही मांडली पाहिजे, कारण ती निव्वळ हौसेची नाही. त्याला कामासाठी वारंवार घुग्घुस व वणीकडे जावे लागते. कोळशाच्या ट्रकांची रांग, मध्येच मोकळा मिळणारा रस्ता, आणि नेमक्या त्या क्षणी टर्बोस जाग येईपर्यंत गाडीने घेतलेली डुलकी, हा अनुभव ज्याने घेतला असेल त्याला आपण उगाच उपदेश करू नये. “समोरून ट्रक येताना दोन सेकंद लवकर पुढे गेलो, तर ती चैन नव्हे, मामा,” असे तो म्हणाला. ते आम्हांस पटले, आणि अद्यापही पटते.

न पटणारी गोष्ट निराळी होती. गाडी सर्व्हिसिंगला द्यावयाच्या आदल्या रात्री तो डबी काढून ठेवी आणि परत आणल्यावर पुन्हा लावी. विम्याच्या कागदांत तिचा उल्लेख नव्हता. नोंदणीच्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. ही डबी त्यात मोडते की नाही यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. परंतु दिवाणजीस थाप मारणारी वस्तू घरात आली की ती तेवढ्यावर थांबत नाही. पुढे मिस्त्रीस, विमा कंपनीस आणि आईस थापा माराव्या लागतात. मोठ्यांची कथा याहून वेगळी नाही. २०१५ साली फोक्सवॅगनचे बिंग फुटले तेव्हा जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत परीक्षा चालू असता सोवळे नेसणारा आणि रस्त्यावर येताच ते फेडणारा दिवाणजी बसविलेला आढळला. तेथे तर डबीचीही गरज पडली नाही. पोथीच तशी लिहिली होती.

आमची बहीण, म्हणजे भाच्याची आई, गडचिरोलीस असते. चंद्रपुराहून तिकडे जाणारा रस्ता लोहाऱ्यापासून चिचपल्लीपर्यंत आणि पुढे मूलकडे दाट जंगलातून जातो. तेथे सायंकाळी चितळांचा कळप रस्त्याच्या कडेला उभा असतो. एक उडी मारून पलीकडे गेले की बाकीच्यांनीही त्याच्यामागे उड्या मारल्याच म्हणून समजावे. कधी रानडुकरे, कधी याहून थोर मंडळी. या रस्त्याने आम्ही भाच्यासह डबी लावलेल्या गाडीतून गेलो. गाडी पळाली सुंदर, हे नाकारण्यात अर्थ नाही. सावली केव्हा मागे पडली ते कळले नाही, आणि वैनगंगेच्या पुलावर येईपर्यंत आम्हांस स्वतःच्या वयाचा विसर पडला होता.

जेवताना आमच्या तोंडून डबीची गोष्ट निघाली. बहिणीने ती सारी ऐकून घेतली. रागावली नाही, की कायदा काढला नाही. तिने एवढेच विचारले, “ही डबी लावल्यावर गाडी थांबते पण लवकर का?”

भाचा म्हणाला, “नाही, आई. ब्रेक तेच आहेत.”

ती दुसऱ्यांदा भात वाढावयास उठली. आम्ही मात्र त्या प्रश्नाने विचारात पडलो. वेग ८० वरून १०० वर गेला तर तो सव्वापट होतो, परंतु ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दीडपटीहून जास्त वाढते. कोळशाच्या रस्त्यावर पुढे निघून जाण्यात सुरक्षितता असेल. मूलच्या रस्त्यावर ती थांबण्यात आहे, आणि डबीच्या वर्दीत थांबण्याविषयी अक्षरही नाही. आश्चर्य असे की, घोडे, टर्बो व कलमे यांचा आम्ही दोघांनी महिनाभर खल केला होता, पण हा प्रश्न आमच्यापैकी एकासही सुचला नव्हता.

भाच्याने परत आल्यावर विमा कंपनीस पत्र लिहिले. त्याचे उत्तर यावयाचे आहे. डबी त्याने टाकून दिली नाही. वणीकडे जाताना ती लावतो आणि आईकडे जाताना काढून पुढच्या खणात ठेवतो, असे तो सांगतो. गेल्या आठवड्यात त्याच्याबरोबर पुन्हा गडचिरोलीस गेलो, तेव्हा त्या खणात गाडीचे कागद, एक टॉर्च आणि ती डबी होती. चिचपल्लीच्या अलीकडे चितळे उभी होती. तो थांबला, पाचही जाईपर्यंत थांबला.