मालेगांवच्या मुक्कामांतील एक डाव

मालेगांव म्हटलें कीं नाशिककडील यंत्रमागांचें शहर आठवतें. आम्हांस सांगावयाचें आहे तें वऱ्हाडांतील, वाशिम जिल्ह्यांतील मालेगांव. अकोल्याहून वाशिमास जातांना मेडशी मागें पडली म्हणजे हें तालुक्याचें गांव लागतें. अंतरिक्ष पार्श्वनाथाचें शिरपूर याच तालुक्यांत. तें क्षेत्र पाहावें या हेतूनें आम्ही येथें उतरलों.

ऊन कलेपर्यंत काकांनीं बुद्धिबळाचा पट मांडला आणि १९२४ सालच्या न्यूयॉर्क येथील स्पर्धेंतील एक विख्यात डाव आपल्या पुतणीस लावून दाखविला. पांढऱ्या बाजूस रिचर्ड रेटी, काळ्या बाजूस तत्कालीन जगज्जेता कापाब्लांका. रेटीनें राजावजिरांपुढील प्यादीं आरंभीं मध्यभागीं लोटलीं नाहींत. प्रथम घोडा काढला. मग कडेचीं प्यादीं सरकवून दोन्ही उंट असे बसविले कीं त्यांच्या तिरप्या माऱ्याखालीं पटाचा मध्य यावा. वजिरापुढचें प्यादें आठव्या खेळीस एक घर व सोळाव्या खेळीस आणखी एक घर पुढें आलें. एकतिसाव्या खेळीनंतर कापाब्लांकानें डाव सोडला. आठ वर्षांतील त्याचा हा पहिलाच पराभव होय.

"हा तर आमच्या आजोबांचा देशी खेळ!" काका म्हणाले. देशी पद्धतींत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर चालतें. मध्य एकदम बळकावतां येत नाहीं, म्हणून कडेनें बळ जमवावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास मोहेशचंद्र बंदोपाध्याय हे कॉक्रेन बॅरिस्टरांशीं याच वळणानें खेळत. अशा बचावांस जगभर 'इंडियन' हें नांव पडलें आहे.

"मग काका, तुम्ही स्पर्धेंत खेळणें कां सोडलेंत?"

"साहासष्ट वर्षें झालीं, बाळ. डोळे साथ देत नाहींत. तरुणांपुढें हसें कशास करून घ्यावें?"

ज्येष्ठांची जागतिक स्पर्धा १९९१ पासून भरते, आणि २०१४ पासून तींत पन्नास व पासष्ट वर्षांवरील असे दोन गट आहेत, हें तिला ठाऊक होतें. "दुसऱ्या गटांत तर तुम्ही धाकट्यांतच मोडाल!" ती म्हणाली.

काका कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं सोंगट्या पुन्हां जागच्या जागीं लावल्या, पांढरी बाजू स्वतःकडे घेतली आणि राजाकडचा घोडा उचलला. शिरपूरची वाट धरावयास आम्हांस त्या दिवशीं बराच उशीर झाला.