धुळीचा हिशेब

दौलताबादच्या रस्त्याने भर उन्हाळ्यात जो कधी दुचाकीवरून गेला असेल, त्याला धूळ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. किल्ल्याच्या तटाजवळचा डांबरी रस्ता सोडून आपण शेतांकडे वळलो, की मुरूम आणि काळी माती यांची पूड चाकांमागे उठते. भुवयांवर, दातांत, सदऱ्याच्या कॉलरवर जाऊन बसते. घरी आल्यावर आपण चूळ भरतो, तोंड धुतो. ज्या यंत्राने आपल्याला घरी आणले त्यानेही तीच धूळ गिळली आहे, याची आठवण मात्र राहत नाही. आम्हांलाही राहिली नव्हती. त्या विसराळूपणाची किंमत आमच्या पुतण्याने मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

थोरले बंधू गेल्यावर त्यांची दीडशे सीसीची मोटारसायकल पुतण्याकडे आली. त्याने तिला मोठ्या खाचांचे टायर बसवले आणि पहाटे शेत, मग शहरातले तांत्रिक शिक्षण, अशी त्याची ये-जा सुरू झाली. एका रविवारी वहिनींचे औषध आणायला तो निघाला, तर गाडी दम टाकू लागली. मागून काळा धूर. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून आमच्या भागात प्रत्येकजण अर्धा मेकॅनिक झाला आहे, आणि आम्ही त्याला अपवाद नाही. आम्ही बाजूचे झाकण उघडले. आतला एअर फिल्टरचा फोम चिखलाच्या वडीसारखा घट्ट झाला होता. ओढून काढताना तो शिवणीतच फाटला. दुकाने बंद होती.

“काका, फिल्टरशिवाय चालेल का?” त्याने विचारले.

“तुझ्या जन्माआधीपासून गाड्या हाकल्या आहेत,” आम्ही उत्तरलो आणि रिकाम्या पेटीचे झाकण लावून टाकले.

गाडी खरोखरच सुसाट निघाली. आमची छाती फुगली. नवा फिल्टर उद्या आणू असे ठरले. उद्याचा परवा झाला, आणि परवाचा उन्हाळा सरला. मध्ये त्याने एकदा आठवण केली. आम्ही “बघू” म्हणालो. वडीलधाऱ्याच्या त्या “बघू”पुढे मुलांना बोलता येत नाही, हे आम्हांला तेव्हा सुचले नाही.

यंत्राला श्वास किती लागतो, याचा हिशेब आम्ही नंतर मांडला. माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सात-आठ लिटर हवा घेतो. दीडशे सीसीचे इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर ते दोन हजार वेळा श्वास ओढते. म्हणजे मिनिटाला तीनशे लिटरपर्यंत हवा. एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा खर्ची पडते. त्या हवेतली दगडाची पूड तेलात मिसळली, की वर्कशॉपात धातू घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते आणि पिस्टनच्या प्रत्येक फेरीबरोबर आतली भिंत घासत राहते. फिल्टर तुंबला तर यंत्र गुदमरते, पेट्रोल जास्त खाते, पण ओरडून सांगते. फिल्टरच नसेल तर ते मुकाट्याने झिजते.

पहिल्या पावसानंतर धूर निळा झाला. कारागिराने इंजिन उघडले आणि सिलिंडरवरून नख फिरवून ओरखडे दाखवले. “धूळ खाल्लीय, साहेब.” बोअर वाढवणे, नवा पिस्टन, नव्या रिंगा. वहिनींनी मुलाच्या फीसाठी ठेवलेले पैसे दिले. “गाडी जुनीच होती,” एवढेच तो आईला म्हणाला. आमचे नाव त्याने काढले नाही. आम्हीही काढले नाही.

आठ दिवस आम्ही तसेच काढले. दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी म्हणून भुयारी वाट आहे. तिच्या वरच्या तोंडाशी निखारे पेटवून आत शिरलेल्या शत्रूला धुराने कोंडीत, असे तेथे सांगतात. न बोललेली गोष्ट घरात अशीच साठते. शेवटी वहिनींपुढे जाऊन आम्ही सारे सांगितले आणि पैसे ठेवले. त्यांनी ते घेतले. “हे त्याच दिवशी सांगायचं होतं, भावोजी,” त्या म्हणाल्या. “फीची मुदत तरी मागून घेतली असती.” मुदत टळून गेली होती, दंडासह फी भरावी लागली. तो दंडही आम्हीच भरला, पण मुलाने कार्यालयात खाली मान घालून काढलेला तास कोण भरून देणार?

आता दर पंधरवड्याला आम्ही दोघे अंगणात बसतो. तो शिकवतो, आम्ही शिकतो. फोम काढल्याबरोबर पेटीच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबायचे, म्हणजे कचरा आत जात नाही. फोम पेट्रोलमध्ये धुवायचा नाही. सांधे सुटतात आणि आगीचे भय असते. रॉकेल किंवा फिल्टरचे द्रावण, मग कोमट साबणपाणी. दाबायचा, पिळायचा नाही. सावलीत पूर्ण वाळवायचा, उजेडासमोर धरून चीर पाहायची, मग खास तेल सगळीकडे सारखे मुरवायचे. कोरडा फोम बारीक धूळ धरत नाही. कडेला ग्रीसचा हात फिरवायचा. फोम चुरगळू लागला किंवा शिवण सुटली, की मोह न धरता नवा आणायचा. कागदी फिल्टरची तऱ्हा निराळी: त्याला पाणी वर्ज्य. कोरडा असेल तर हलके झटकावे, तेलकट असेल तर बदलावाच. जवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद झाला, तो शाई धरण्यासाठी. हा घड्यांचा कागद धूळ धरण्यासाठी. दोघांचेही काम धरून ठेवण्याचेच.

परवा धुणे झाल्यावर बादलीचे पाणी काळेभोर झाले होते. “काका, एवढी धूळ इंजिनात गेली असती,” तो म्हणाला. त्या वाक्यात टोमणा नव्हता. आम्ही बादली उचलली आणि सीताफळाच्या झाडाच्या आळ्यापासून दूर, कुंपणाबाहेर ओतून आलो.