माशांचे अभ्यंगस्नान

माणसाला स्वच्छतेचे वेड असावे. पण ते दिवाळीच्या तोंडावर अंगात येऊ नये. एरव्ही अकरा महिने माळ्याकडे ढुंकूनही न पाहणारा मी, दिवाळी जवळ आली की कमरेला पंचा गुंडाळतो आणि हाती केरसुणी घेतो. मग घरातल्या एकाही निर्जीव वस्तूची माझ्या तावडीतून सुटका नसते. गेल्या वर्षी मात्र या तडाख्यात दोन सजीव सापडले.

ते होते दोन गोल्डफिश. नातीने वाढदिवसाला हट्टाने मागितलेले आणि तिनेच ‘लाडू’ व ‘जिलबी’ असे नामकरण केलेले. दीड फुटाच्या काचेच्या पेटीत दोघे आठ महिने सुखाने नांदत होते.

मासे पाळण्यातले मला काही कळत नव्हते असे मात्र समजू नका. उलट पुष्कळच कळत होते, आणि तीच पंचाईत होती. मासा भांड्याच्या मापानेच वाढतो, त्याला दोन क्षणांपूर्वीचे आठवत नाही, पाण्याखेरीज त्याला काही लागत नाही, ही शास्त्रे मला मुखोद्गत होती. लहानपणी वडिलांनी मुंबईस नेऊन तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या त्या मत्स्यालयातले मासे मी हरखून पाहिले होते. एवढ्या भांडवलावरही माणूस स्वतःला जाणकार समजू लागतो! खाऊ घालण्याचे शिक्षण आजीकडून मिळालेले. आम्ही पंचवटीत राहत असू तेव्हा ती मला गंगेवर नेई (आम्हां नाशिककरांची गोदावरी ही गंगाच) आणि माशांना कणकेच्या गोळ्या घालायला लावी. मासे उसळून वर येत. पुण्य हे असेच काहीतरी उसळून वर येणारे असते, अशी माझी तेव्हापासूनची समजूत.

वसुबारसेला मी पेटी उपसली. तळाचे खडे गरम पाण्याने धुतले. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळला. काचेवरचे शेवाळ खरवडले आणि पेटी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली. पाणी इतके नितळ, की मासे हवेतच तरंगताहेत असे वाटावे. नात टाळ्या पिटत म्हणाली, “आजोबा, यांचं अभ्यंगस्नान आपल्याआधी झालं!”

नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लावून मी बाहेर आलो, तो दोघेही पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडांची उघडमीट करीत होते. “भूक लागली,” मी निदान केले आणि चिमटीऐवजी मूठ सोडली. दाणे तळाशी जाऊन बसले. पाडव्याच्या सकाळी लाडू उलटा तरंगत होता.

शेजारच्या काकू फराळाचे ताट घेऊन आल्या. म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका हो. घरावरचं संकट मासा आपल्या अंगावर घेतो म्हणतात.” सगळ्यांनाच बरे वाटले, मला सर्वांत अधिक. तेवढ्यात नातीने विचारले, “आजोबा, कोणतं संकट येणार होतं?”

मला उत्तर सुचेना. मी चपला घालून मासेवाल्याचे दुकान गाठले. त्याने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “काका, स्पंज कशात धुतलात?”

“नळाखाली. अगदी स्वच्छ.”

त्याने कपाळाला हात लावला. मग मला जे समजले ते असे. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याची घाण पडते. तिच्यातला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पण तो विष आहे. खड्यांवर आणि स्पंजावर वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि त्याचे पुढे बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. “तुम्ही ते अख्खं गावच धुऊन टाकलंत,” तो म्हणाला. वर गंगापूर धरणाचे पाणी, माणसांसाठी क्लोरीन घातलेले, तसेच्या तसे ओतलेले! तोंडांची उघडमीट भुकेची नव्हती. त्यांना श्वास घेता येत नव्हता. आणि मी फराळ वाढत होतो. गंगेत उरलेली कणीक वाहून जाते. माझ्या पेटीत ती कुजत होती.

त्याने आपल्या टाकीतला जुना, मळकट स्पंज काढून दिला. दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडालेले पाणी रोज थोडे थोडे बदलायचे आणि काही दिवस दाणा घालायचा नाही, असे बजावले. “जिलबीला गंगेत सोडून द्या, पुण्य लागेल,” असेही कोणी सुचवले. पण परक्या माशाने नदीत रोग नेला, तर ते पाप नदीतल्या माशांनी फेडायचे. जिलबी घरीच राहिली, आणि वाचली.

मग मी उशिरा का होईना, वाचू लागलो. गोल्डफिश फूटभर वाढू शकतो. लहान भांड्यात तो समजूतदारपणाने लहान राहत नाही, त्याची वाढ खुंटते. इंग्लंडात १९५६ साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली, ४३ वर्षांचा होऊन गेला. आणि स्मरणशक्ती? १९६० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड अग्रॅनॉफ यांनी स्मरणाचा अभ्यास केला तोच मुळी गोल्डफिशवर. दिवा लागताच अडथळा ओलांडून पलीकडे जायचे, हा धडा ते मासे शिकले आणि दिवसांमागून दिवस विसरले नाहीत.

भाऊबिजेच्या रात्री नातीला जवळ घेऊन मी सांगितले, “संकट वगैरे काही येणार नव्हतं, बाळ. संकट मीच होतो. मला वाटलं, मला सगळं येतं.”

ती बराच वेळ पेटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “जिलबीला लाडू आठवत असेल?”

आठवड्यापूर्वी मी छातीठोकपणे “नाही” म्हणालो असतो, आणि दोघेही निवांत झोपलो असतो. त्या रात्री गप्प बसलो.

यंदाही दिवाळीची झाडलोट यथासांग झाली. पेटी आता तीन फुटांची आहे. तिचे पाव हिस्सा पाणी बदलले, स्पंज तिच्याच पाण्यात हलकेच पिळला. बाकी कशाला हात लावला नाही. मागच्या काचेवर थोडे शेवाळ आहे. काल आलेल्या पाहुण्यांनी ते पाहून विचारले, “एवढं तेवढं राहिलं वाटतं?”

“हो,” मी म्हणालो, “तेवढं राहू द्यायचं असतं.”