गुहागरांतील नऊ रात्री

गुहागरचें वर्णन वाचकांनीं पूर्वीं पुष्कळ वाचलें असेल. श्रीव्याडेश्वराचें देवालय, एकाच लांब रस्त्याच्या दोहों अंगांस पसरलेला गांव, समुद्राच्या बाजूस नारळी-पोफळींचीं आगरें आणि त्यांपलीकडे लांबच लांब पुळण, ह्यांविषयीं नवीन सांगण्यासारखें आम्हांपाशीं फारसें नाहीं. आम्ही तेथलेच. 1974 सालीं मॅट्रिक झालों आणि संस्कृत शिकावयास म्हणून इंदुरास मातुलगृहीं जे गेलों, ते तेथेंच शिक्षक होऊन स्थायिक झालों. गांवाशीं संबंध उरला तो मे महिन्याच्या सुटीपुरता. 2024 सालच्या माघांत मात्र आम्हांस अवेळीं तिकडे जावें लागलें. त्या जाण्याची ही हकीकत आहे.

आमचे तीर्थरूप अण्णा 88 वर्षांचे. ते धाकट्या बंधूजवळ गांवींच असतात. वर्षभर त्यांस रात्रीं वरचेवर लघुशंकेस उठावें लागे आणि कंबर दुखे. उठणें वयपरत्वें, आणि कंबर वातामुळें, असें सर्वांनीं ठरवून टाकलें होतें. नारायण तेल चोळलें जाई. मार्गशीर्षांत बंधूचा फोन आला तो थेट निदानाचाच. अण्णांस घेऊन तो परळच्या टाटा रुग्णालयांत जाऊन आला होता, आणि कागद हातीं पडल्यावरच त्यानें आम्हांस कळविलें. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग, आणि तो कण्याच्या व कटीच्या हाडांत पोंचलेला.

ही ग्रंथि पुरुषांस मूत्राशयाच्या तोंडाशीं असते व तिच्यांतून मूत्रमार्ग जातो. निरोगी असतां ती साधारण सालीसकट सुपारीएवढी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताच्या बारा प्रकारांत ‘वाताष्ठीला’ म्हणून एक सांगितला आहे. मलमार्ग आणि बस्ति ह्यांच्यामध्यें धोंड्यासारखी कठीण गांठ उठते व मूत्र अडतें, असें त्याचें लक्षण. तो म्हणजे कर्करोगच, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण तें प्रकरण आम्हीं दोनदां वाचलेलें होतें, आणि जन्मदात्याच्या बाबतींत तें आम्हांस एकदांही आठवलें नाहीं!

मग आम्हीं तेंच केलें, जें दूर राहणारे बहुतेक मुलगे करीत असावेत. रक्तांत पी. एस. ए. नांवाचें एक द्रव्य मोजतात. त्याचा अंक सामान्यतः चारापर्यंत चालतो. अण्णांचा 212 होता. तो आम्हीं पंचांगाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेविला आणि येईल-जाईल त्यास विचारूं लागलों. शेजाऱ्यांचा मुलगा अमेरिकेंत, भाचा पुण्यास औषधांच्या कंपनींत; ज्यानें जें सांगितलें तें आम्ही दिवसांतून तीन-तीन वेळां बंधूच्या कानीं घालीत असूं. शेवटीं वाद उपचारावर येऊन ठेपला. ह्या रोगाच्या पेशी पुरुषत्वाच्या अंतःस्रावावर पोसतात. शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनीं 1941 सालीं हें दाखविलें व त्याबद्दल त्यांस 1966 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तो स्राव थांबविला म्हणजे रोग समूळ जात नसला तरी बहुधा बराच काळ दबून राहतो. थांबविण्याचे मुख्य मार्ग दोन: ठराविक महिन्यांनीं जन्मभर इंजेक्शन घेणें, किंवा लहानशी शस्त्रक्रिया करून वृषण एकदांच काढून टाकणें. घरांत सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत हा शब्द लिहितांना लेखणी अडखळते. पण ह्याच संकोचापायीं आमच्या घरचें एक वर्ष फुकट गेलें, तेव्हां तो लिहिलाच पाहिजे.

अण्णांनीं शस्त्रक्रिया पसंत केली होती. आमचा सक्त विरोध होता. दोन महिने गोळ्यांवर निभावलें, आणि आम्ही इंदुराहून हुकूम सोडीत राहिलों. एके रात्रीं बंधु शांतपणें म्हणाला, “दादा, तूं सांगतोस तें सगळें बरोबर असेल. पण रात्रीं उठायला मी असतों.” त्यानंतर दोन दिवस त्यानें आमचा फोन घेतला नाहीं. तिसऱ्या दिवशीं आम्हीं अवंतिकेचें तिकीट काढलें.

मुंबईस उतरल्यावर चिपळूणची गाडी दुसऱ्या दिवशीं सकाळची होती. म्हणून दिवस हाताशीं होता तो आम्हीं परळास घालविला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई 1931 सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढें त्यांच्या विश्वस्तांनीं 28 फेब्रुवारी 1941 रोजीं हें रुग्णालय उघडलें, आणि 1962 पासून तें सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. हें सर्व आम्हांस वाचून ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें समोरच्या पदपथावरचें. बंगाल, बिहार, आसामपर्यंतचीं माणसें तेथें चटया टाकून बसलेलीं. कोणी स्टोव्हवर भात शिजवीत आहे, कोणी छातीशीं कागदांची पिशवी धरून भिंतीस टेकून झोंपला आहे. एका म्हाताऱ्यास त्याचा मुलगा पाठुंगळीस घेऊन रस्ता ओलांडीत होता. आमच्या बंधूनें अण्णांसह दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेंत सहा रात्री काढल्या होत्या, आणि रोज पहांटे येथें येऊन तो रांगेंत उभा राहिला होता. फोनवर ह्याविषयीं त्यानें अवाक्षर काढलें नव्हतें. आम्हींही विचारलें तें एवढेंच, कीं अंक किती आला.

कोंकण रेल्वे 1998 सालीं पूर्ण झाली, तिनें कोंकणचें अंतर खरोखर मोडलें. अण्णा तरुणपणीं धोपाव्यास होडीनें वाशिष्ठी ओलांडून दाभोळास जात व तेथून आगबोटीनें मुंबई गांठीत. आम्ही मांडवी एक्स्प्रेसनें दुपारीं चिपळुणास उतरलों आणि मार्गताम्हाणें, शृंगारतळी करीत उन्हें कलण्याच्या सुमारास घरीं पोंचलों. पोफळींची सांवली, शिंपण्याचा ओला वास, अंगणांत वाळत टाकलेली सुपारी, सर्व होतें तसेंच. अण्णा तेवढे निम्मे झाले होते.

पहिल्या रात्रीं ते सहा वेळां उठले. बंधूचा बिछाना माजघराच्या उंबऱ्याशीं असे. अण्णांचा पाय जमिनीस लागण्यापूर्वीं हा उठून विजेरी लावी, खांदा देई, आणि दोघे मागील दारच्या पांच पायऱ्या उतरून परसांत जात. खोलींत भांडें ठेवणें अण्णांस मान्य नव्हतें. कित्येकदां दहा-पंधरा मिनिटें लागत आणि परत येऊन बिछान्यास पाठ लागते न लागते तोंच पुनः हांक येई. पाय धुणें, ते पुसणें. कोणी कोणाशीं बोलत नसे. आम्ही ओटीवर डोळे मिटून मोजीत पडलों होतों. झोंपेचें सोंग करणें ह्या वयांत शोभत नाहीं, हें कळत होतें.

तिसऱ्या रात्रीं आम्ही उठलों. बंधु म्हणाला, “तूं नीज. तुला पायऱ्या ठाऊक नाहींत.”

ज्या घरांत आम्ही जन्मलों, त्या घरच्या पायऱ्या! राग आला; परंतु खालीं उतरतांना तिसऱ्या पायरीचा चिरा हलला आणि आमचाच तोल गेला. धाकट्यानें आम्हांस दंडास धरून सांवरलें. अण्णा वरच्या पायरीवर भिंतीस हात देऊन उभे होते. तो चिरा चार वर्षें हलत होता, असें मागाहून कळलें. चौथ्या रात्रीपासून आम्ही पाळी वांटून घेतली. बंधु त्या रात्रीं इतका गाढ झोंपला कीं भावजय दोनदां येऊन पाहून गेली.

पांचव्या दिवशीं आगरांत पाट वळवीत असतां अण्णांनींच विषय काढला. आमच्या घरांत बाप-लेकांनीं असल्या गोष्टी पूर्वीं कधीं उच्चारल्या नव्हत्या. ते म्हणाले, “अरे, जन्मभर सुपारीवर पोट भरलें, आतां एक सुपारी पोटांतच निघाली. दर तीन महिन्यांनीं मला घेऊन ह्यानें हिंडायचें, तर शिंपील कोण? एकदांच काय तें उरकूं. तुझी हरकत कसली आहे?” आम्हांस उत्तर सुचेना. डॉक्टरांचें मत शस्त्रक्रियेविरुद्ध नव्हतें, वयाचीही आडकाठी नव्हती. खरें सांगावयाचें तर आमची हरकत त्या शब्दास होती. चार लोकांत वडिलांविषयीं तो कसा सांगावा, अशी लाज होती. अण्णांस ती नव्हती.

सातव्या दिवशीं चिपळुणास शस्त्रक्रिया झाली. कमरेखालचा भाग बधिर करून अर्ध्या-पाऊण तासांत उरकलें. कागदावर सही अण्णांनीं स्वतः केली, मोडी वळणाची. खालीं साक्षीदार म्हणून आम्ही दोघे. ती रात्र तेथेंच काढून दुसऱ्या दिवशीं घरीं आलों. डॉक्टरांनीं बजावून ठेविलें, कीं अंगांतून वाफा येतील, हाडें ठिसूळ होतील, तेव्हां पडूं देऊं नका. आणि पायांतील शक्ति एकाएकीं गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठा, उद्यांवर टाकूं नका. मग आम्हां दोघांकडे वळून ते म्हणाले, ज्याच्या वडिलांस हा रोग झाला त्यास तो होण्याचा संभव सुमारें दुप्पट, म्हणून तुम्हीही रक्त तपासून घ्या. आम्हीं इंदुरास येऊन तपासलें. तूर्त चिंता नाहीं. बंधूनें अजून तपासलेलें नाहीं, आणि ह्या एका बाबतींत मात्र आमचे हुकूम चालूच आहेत.

वैशाखांत अण्णांचा अंक 11 वर आल्याचें बंधूनें आपण होऊन सांगितलें. आम्हीं विचारलें होतें तें निराळें: रात्रीं किती वेळां उठले? “काल दोनदांच. आणि कंबरेचें तेल बंद आहे,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “तिसरी पायरी अजून तशीच आहे. तूं आलास म्हणजे गवंड्याला बोलावूं. चिरा उचलायला दोघे लागतात.”