पिवळे झेंडे आणि आजीचे लाडू

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं सांभाळून घ्या. दुसरं म्हणजे या लेखात एक कबुली आहे. आमच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या की चूक कबूल केली की अर्धं ओझं उतरतं. उरलेलं अर्धं हा लेख छापून आल्यावर उतरेल अशी आशा आहे!

२०२३ चं नवरात्र. मी फर्स्ट इयरला, हॉस्टेलला नवी. आजीने नऊ दिवसांच्या उपासासाठी राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा पाठवला होता. रोज रात्री तिचा फोन यायचा, "मोडला नाहीस ना गं उपास?" मी म्हणायचे, "नाही गं आजी." खरं तर तिसऱ्याच दिवशी ड्रॉइंगचं सबमिशन संपवून रात्री एक वाजता कॅन्टीनवर अंडाभुर्जी-पाव हाणला होता. पुढचे सहा दिवस मी तेच उत्तर दिलं. डबा विंगमध्ये फिरला आणि दोन दिवसांत रिकामा झाला.

जुलै २०२४ च्या शेवटी आजी गेली. तेरावं झालं आणि आठवड्याभरात मी एका सेमिस्टरच्या एक्सचेंजवर मलेशियात, पेनांगला गेले. रूममेट तिथलीच, चिनी वंशाची, घर खाडीपलीकडे बटरवर्थला. सप्टेंबरच्या अखेरीस सगळीकडे पिवळे झेंडे लागायला लागले. हातगाड्यांवर, देवळांसमोर, आमच्या कॅन्टीनच्या एका स्टॉलवरसुद्धा. विचारलं तर म्हणाली, नऊ सम्राट देवांचा उत्सव येतोय, आमच्या हॉक्किएन बोलीत ‘क्यू ओंग या’. नऊ दिवस शाकाहार, पांढरे कपडे आणि देवळात जाणं.

मी विचारलं, "कधीपासून?"

"तीन ऑक्टोबर."

मी मोबाइलवर पंचांग उघडलं. घटस्थापना, ३ ऑक्टोबर!

हा योगायोग नाही. ताओ पंथाचा हा उत्सव चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत असतो, मोजणी अमावास्येपासून. आपलंही चंद्रावरच चालतं. २०२३ मध्ये दोन्ही १५ ऑक्टोबरला सुरू झाले होते, म्हणजे मी भुर्जी खात होते तेव्हा तिकडेही नवरात्र होतं! दोघांकडे अधिक महिना असतो, पण तो कधी घालायचा याचा हिशोब वेगळा. म्हणून कधी जुळतं, कधी नाही.

पुढचं ऐकून तर मी उडालेच. हे नऊ देव म्हणजे तारे. सात डोळ्यांना दिसणारे आणि दोन न दिसणारे. ते सात म्हणजे आपले सप्तर्षी! त्यांची आई ‘तोव बो’, आणि बटरवर्थच्या देवळाचं नाव ‘तोव बो कोंग’, म्हणजे सप्तर्षींच्या आईचा महाल. देव समुद्रावरून येतात, म्हणून आदल्या दिवशी त्यांना आणायला पाण्यावर जातात आणि नवव्या रात्री पाण्यावरच निरोप देतात. आपल्या गणपतीला पोचवतो तसं.

घरी फोन केला. आई म्हणाली, "यंदा आपल्याकडे घट नाहीत गं, वर्ष व्हायचंय." आमच्या घरात ती जागा पहिल्यांदाच रिकामी राहणार होती. मी रूममेटला सांगितलं की तुझ्याबरोबर मीही नऊ दिवस पाळते.

पहिल्या संध्याकाळी फेरीने बटरवर्थला गेलो. तिची आई (तिकडेही आंटीच म्हणतात) पांढऱ्या कपड्यांत तयार होती. मला बघून खूश झाली आणि विचारलं, घरात अलीकडे कोणी गेलंय का? शंभर दिवसांच्या आत असेल तर त्यांच्याकडे देवळात जात नाहीत.

‘नाही’ म्हणणं फार सोपं होतं. कोणाला कळणार होतं? पण तसलं सोपं ‘नाही’ मी आधी सहा वेळा म्हटलं होतं. मी म्हटलं, "हो. आजी. दोन महिने झाले."

आंटीने माझा हात धरला. म्हणाली, मग तू बाहेर थांब, पण जेवायला कसलीच मनाई नाही. सुतक देवळाला, ताटाला नाही, असा त्याचा अर्थ मी लावला.

मी रस्त्याच्या पलीकडे स्टॉल्सपाशी उभी राहिले. उंच खांबावर नऊ दिवे टांगलेले, ते वर असेपर्यंत देव मुक्कामाला आहेत असं समजायचं. उदबत्त्यांचा धूर इतका की डोळे चुरचुरत होते. त्यातले काही अश्रू धुराचे नव्हते, हेही कबुलीत धरा.

नऊ दिवस सोपे गेले नाहीत. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही. सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून केलेलं खोटं चिकन, खोटा मासा मात्र इतका खरा की मी दोनदा विचारून खाल्ला. चौथ्या दिवशी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चुकून दुसऱ्या स्टॉलवरची पालेभाजी घेतली. पहिला घास घेणार तेवढ्यात वास आला. बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची चटणी! समोर कोणी ओळखीचं नव्हतं. भूक मरणाची होती. ताट ठेवलं आणि केळी खाऊन लेक्चरला गेले. रात्री फोन वाजून कोणी विचारणार नव्हतं, तरी त्या दिवशी उत्तर खरं होतं.

जॉर्जटाउनच्या लिटल इंडियात १८३३ सालचं महामारिअम्मनचं देऊळ आहे. तिथे आपलं नवरात्र चालू होतं. मी तेही बाहेरूनच पाहिलं. एकाच गावात दोन नवरात्रं आणि मी दोन्हींच्या दाराबाहेर. पण बाहेर आहे असं वाटलं मात्र नाही.

११ ऑक्टोबरच्या रात्री देवांना समुद्रावर निरोप दिला. गर्दीत मागे उभी राहून मी हात जोडले, आजीलाच.

दुसऱ्या दिवशी दसरा. आईला फोन करून मागच्या वर्षीची भुर्जी सांगून टाकली. आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि लाडू कोणी खाल्ले?"

"अख्ख्या विंगने."

"बरं झालं. तिला चालले असते."

२०२५ मध्ये तारखा जुळल्या नाहीत. चिनी पंचांगात त्या वर्षी अधिक महिना आला, आपला २०२६ मध्ये. आपली घटस्थापना २२ सप्टेंबरला, तर त्यांचा पहिला दिवस २१ ऑक्टोबरला, आपल्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. घरी पुन्हा घट बसले. मी हॉस्टेलवर नऊ दिवस उपास केला. मेसच्या काकांनी साबुदाण्याच्या खिचडीत कांदा घातला तेव्हा मात्र त्यांच्याशी भांडले!

लाडू यंदा आईने पाठवले होते. तेही दोन दिवसांत संपले. विंग तीच आहे ना...