भर आणि नहर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनच्या माणसासाठी कमलनयन बजाज म्हणजे बीड बायपासचा दवाखाना. तेच नाव भायखळ्याला, राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या दालनावर दिसलं, की तो थबकणारच. वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना आला आणि पंचक्रोशीतली पोरं शिफ्टप्रमाणे जेवू लागली. संग्रहालयात वरच्या मजल्यावर मुंबई कशी उभी राहिली ते मांडलंय. नकाशांपेक्षा मातीच्या बाहुल्या सरस, पण नकाशेही सोडू नयेत.

सात बेटं, मधल्या खाड्या, 1838 चा कुलाब्याचा रस्ता, 1845 चा माहीमचा. मग कापूस. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, समुद्र बुजवायला कंपन्या निघाल्या. 1865 ला युद्ध संपलं आणि शेअर कोसळले. भाव पडल्यावर काय होतं, हे कापूसवाल्या शिवारात शिकवावं लागत नाही.

विहार तलावाचं पाणी मात्र मुंबईला 1860 मध्ये आलं. तोवर विहिरी आणि तळी. माणसं आधी, पाणी मागून.

तिकडे मराठवाड्यात मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, ती नहरींच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या वाटांच्या, भरवशावर. पुढे तिथेच 1744 मध्ये पूर्ण झालेली पाणचक्की तर बघत राहावी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मैलोन् मैल मातीच्या नळांतून यायचं, भिंतीवर चढायचं आणि उंचावरून पडताना जातं फिरवायचं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी त्यावर दळण व्हायचं. सहलीची पोरं धबधब्यापाशी फोटो काढतात आणि खरी गंमत पायाखालीच राहते: हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. वैशाखात त्या दालनात शिरावं, एसीचं नाव काढवत नाही.

बिडकीनला आता मुंबईच्या उलटी गंगा आहे. ऑरिक या औद्योगिक शहराचं 7,855 एकरांचं क्षेत्र सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. तूर-कपाशीच्या रानात रुंद रस्ते, दिव्यांचे खांब, जमिनीखाली नळ आणि वायरी, सगळं आधीच तयार. गर्दी मागून येईल.

आणि जुनं शहर? त्याला जायकवाडीचं पाणी जातं ते बिडकीनजवळच्या फारोळ्यात शुद्ध होऊन, तरी तिथल्या नळांना ते रोज येत नाही. ते रोज यावं म्हणून पैठण रस्त्याच्या कडेने 2,500 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी टाकलीय. उंचापुरा पैलवानही तिच्यात ताठ उभा राहील.