तुळशीच्या शोधात रंकाळा ते शुक्रवार पेठ

बँकेतील नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या : निवृत्तिवेतन आणि पहाटे तीनची जाग. मार्चअखेरच्या हिशेबांची धास्ती संपून काही वर्षे लोटली, तरी शरीर ती विसरावयास तयार नाही. रंकाळ्यावर फिरावयास येणारी आमची मंडळी बहुतेक व्यापारी. थकलेली उधारी आणि मुले दुकान पुढे चालवतील की नाही ही विवंचना, यांमुळे त्यांचीही झोप उडालेली. शालिनी पॅलेसच्या बाजूने वळताना एका मित्राने खिशातून तुळशीच्या कॅप्सूलची बाटली काढली. महिनाभर घेतो आहे, मन शांत असते, असे तो म्हणाला. मी त्याच दिवशी औषधांच्या दुकानात गेलो आणि तुळशीचीच, पण स्वस्तातली एक बाटली आणली.

संध्याकाळी फार्मसी शिकलेल्या पुतणीने ती हातात घेऊन विचारले, "काका, आत तुळस आहे खरी, पण वरचं कवच कशाचं आहे, ते वाचलंत का?" बारीक अक्षरांत 'जिलेटिन' असे छापले होते. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढलेला पदार्थ. आयुष्यभर कर्जाच्या कागदांतील बारीक अक्षरे वाचणाऱ्या माणसाने एवढे वाचू नये! एक कॅप्सूल दुपारीच पोटात गेली होती.

पुढच्या रविवारी रंकाळ्यावरून घराकडे न वळता मी गंगावेशीकडे चालू लागलो. तेथील कट्ट्यावर म्हशींची धार काढून फेसाळ दुधाचे पेले गिऱ्हाइकांच्या हाती दिले जात होते. तेथून महाद्वार रोड. अंबाबाईच्या मंदिरासमोर वेण्या-हारांची दुकाने नुकतीच सजत होती. जवळच्या एका काष्ठौषधींच्या दुकानात मी वाळलेली तुळस मागितली. दुकानदार हसले. "काका, हे विकत कशाला? परड्यात लावा की." तरीही त्यांनी कृष्णतुळशीची पाने चुरडून माझ्या तळहातावर ठेवली. लवंगेसारखा उग्र वास आला. लवंगेत असते तेच युजेनॉल तुळशीतही असते.

ताणावर तुळस खरोखर चालते काय? 2017 साली माणसांवरील 24 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष अनुकूल होते, मात्र अनेक अभ्यास लहान आणि मात्रा निरनिराळ्या. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात 100 जणांना 8 आठवडे तुळशीचा अर्क किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांचा ताण अधिक उतरला, झोपही सुधारली. शंभर माणसे म्हणजे तसे पाहता छोट्या शाखेतील खातेदारही नव्हेत. तेव्हा आशा ठेवावी, पण भरवसा बेताचा. माझ्या डॉक्टरांनी वेगळीच अट घातली. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर विचारल्यावाचून तुळशीचा अर्क घेऊ नये. रक्त गोठण्यावर आणि साखरेवर तिचा परिणाम होऊ शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी सांगावे, आणि गर्भवतींनी हे प्रयोग टाळावेत.

परतीच्या वाटेवर शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठात आदिनाथांचे दर्शन घेतले. तेथे बसलो असता आणखी एक पेच सुचला. 'दिवसातून दोन वेळा' असे बाटलीवर असते. चौविहार पाळणाऱ्याने दुसरी मात्रा सूर्यास्तापूर्वीच घ्यावयास हवी, आणि तो तर दुकानातील गर्दीचा समय. ज्या घरांतून तिन्हीसांजेआधी दुकानावर डबा जातो, त्यांनी ती डब्यासोबत पाठवावी.

आता आमच्या गॅलरीत कृष्णतुळशीची कुंडी आहे. सौभाग्यवती पाने धुऊन सावलीत वाळवितात, कारण अष्टमी-चतुर्दशीला आमच्याकडे हिरवे वर्ज्य. त्या दिवशी वाळलेली चिमूटभर पाने उकळत्या पाण्यात पडतात. जाग अद्याप येते. मात्र तीनऐवजी बहुधा साडेचारला, आणि त्याचे श्रेय तुळशीला द्यावे की गंगावेशीपर्यंत वाढलेल्या चालण्याला, हा हिशेब मला जुळविता आलेला नाही.

परवा रंकाळ्यावर त्या मित्राला कवचाची हकिगत सांगितली. तो दचकला. चष्मा घरी राहिल्याने बाटली त्याने माझ्याच हाती दिली. मी दिव्याखाली धरून वाचली : 'वनस्पतिजन्य कवच.' त्याने पन्नास रुपये अधिक मोजले होते.